मावळतीकडे पाठ

सव्वासहाला दुकानाचं शटर अर्धं ओढते.
झेरॉक्सचं यंत्र अजून कोमट असतं,
पासपोर्ट फोटोचा पांढरा पडदा भिंतीवर तसाच,
आणि मी हर्णैच्या बंदरावर उतरते.
गळ्यात दादरहून आणलेला जुना कॅमेरा;
त्याच्या बटणांवरची अक्षरं
आधीच्या कुणाच्या तरी बोटांनी पुसलेली.

होळीला सूर्य सुवर्णदुर्गाच्या डाव्या अंगाला बुडायचा.
आता वैशाख. रोज थोडा थोडा उजवीकडे सरकत
तो तटाच्या पार गेलाय,
भाडेकरू खोली बदलतो तसा, गाजावाजा न करता.
माझ्याकडे त्याचे एकसष्ट फोटो आहेत.
एकसष्ट!
सगळ्यांत तोच नारिंगी रंग, तीच एक होडी,
आणि माणसं म्हणजे
कातरून चिकटवलेला काळा कागद.

खाली लिलाव चाललेला.
पापलेटचे ढीग, बर्फाचा चुरा,
एक मांजर, मग तिच्यामागून अजून तीन,
आकड्याआधी भुवईनं बोलणारे व्यापारी.
धर्मा भुवडची बैलगाडी आसापर्यंत पाण्यात.
बैल लाटेकडे न बघता लाट ओलांडतात,
आपण घरचा उंबरा ओलांडतो तशी.

येसूबाय चोगलेनं टोपली टेकवली.
"बघू, काय काढलंस."
तिनं कॅमेरा डोळ्याशी नेला, मग हातभर लांब धरला.
तिच्या अंगठ्याचा एक खवला काचेवर राहिला.
"आनि यात मी कंची?"
ही, मी म्हटलं.
"ही? ही तं सावली.
माझ्या नाकात मोती हाय. बोंबील इकून केलेला,
दोन वर्सं लागली. त्यो कुठं गेला?"
मी समजावू लागले,
उजेड पाठीमागून आला की समोरचं माणूस...
"मंग तू फिर की," ती म्हणाली.
"त्यो काय फिरनार हाय?"

मी समुद्राकडे पाठ केली.

वलांडीवर बोंबील,
जबड्यात जबडा अडकवून जोडी-जोडीनं टांगलेले,
आणि प्रत्येकाच्या पोटातून आरपार पिवळा उजेड.
गुलाब होडेकर जाळं विणत बसलेले,
दोर पायाच्या अंगठ्यात ताणून;
त्यांच्या पांढऱ्या दाढीला
सूर्यानं फुकटात मेंदी लावलेली.
वर ओढून ठेवलेली एक होडी, तिच्या बुडाला नुकतंच तेल दिलेलं.
तो वास फोटोत येत नाही,
मी तरी दोनदा काढला.
पुण्याची गाडी. बाप मोबाइल उंच धरून
तेच काढतोय जे मी एकसष्ट वेळा काढलं,
आणि त्याची पोर, हातात अर्धं बिस्कीट,
त्याच्याकडे पाठ करून बैलांकडे बघत उभी.
तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग येसूबाय.
पदर नीट केला, दात झाकले, मग म्हणाली राहू दे,
आणि टोपली कमरेवर घेऊन
अशी उभी राहिली की भाव तीच ठरवणार.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या जरा आधी ती दुकानात आली.
मी मोठी प्रत काढून ठेवली होती, चकचकीत कागदावर.
खूप वेळ बघितलं तिनं.
मोती होता. मोत्यात मोहरीएवढं काहीतरी लालसर होतं,
ते तिला दिसलं की नाही, मी विचारलं नाही.
"पोलकं जुनं हाय," एवढंच म्हणाली.
मग, "यातनं बारके आठ काढ.
ब्यांकेत लागतात, नि लेकीला एक."
बँकेत असा चालत नाही, मी म्हटलं, मागे पांढरं लागतं.
"मंग बसव पांढऱ्यापुढं."
बसवली. दिवा लावला.
हनुवटी वर, येसूबाय. हसू नका.

पैशाऐवजी चार बांगडे ठेवून गेली, कागदात बांधून.
शटर तसंच राहिलं, मागे जाऊन मी ते साफ केले,
हळद लावली, मीठ लावलं.
बाहेर तो बुडाला असणार.